टायरातल्या छर्र्यांचा वाद

सुदाम, तू गेल्यावर परवा तुझं पुण्यानुमोदन झालं, तिथं मी माइकपुढे उभा राहिलो आणि चारचौघांत कबूल केलं, की टायरात छर्रे घातल्यानं फरक पडतो. जन्मात पहिल्यांदा तुझ्या बाजूनं बोललो. आणि विहारात बसलेल्या एवढ्या माणसांपैकी एकाचाही माझ्यावर विश्वास बसला नाही.

हस. हसून घे. तुझ्या जागी मी असतो तर मीही हसलो असतो.

तीन वर्षं तुला माझ्या तोंडून हे एवढंच ऐकायचं होतं. केनवडच्या स्टँडवर तुझं पंक्चरचं दुकान, आणि हाकेच्या अंतरावर माझी शाळा. शाळा सुटली की मी तुझ्याकडे येऊन ट्रकच्या त्या फाटक्या सीटवर बसायचो. तू हातातली ट्यूब न सोडता विचारायचास, "मंग मास्तर, पडते का फरक?" मी म्हणायचो, "नाई पडत." तिथून जे जुंपायचं ते दिवेलागणीपर्यंत. आणि खरं काय आहे ते मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. मी ते लपवलं. हा सगळा कागद त्यासाठीच काढलाय, मध्ये कुठं भरकटलो तर समजून घे. मास्तर माणूस आहे, मुद्द्यावर यायला वेळ लागतो, हे तूच सगळ्यांना सांगत फिरायचास.

मी वाशीमहून ती जुनी फटफटी घेऊन आलो तो दिवस आठव. एका रिटायर ओव्हरसियरची होती. बाहेरून नवरीसारखी चकाचक. पण काटा चाळीसच्या वर गेला की पुढचं चाक असं थरथरायचं, की चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर यायचा आणि हँडल धरून धरून हाताला मुंग्या यायच्या. मंदाला मोठ्या हौसेनं मागं बसवून वाशीमला नेलं. ती उतरली, पदर सारखा केला, दातांवरून जीभ फिरवून सगळे जागेवर आहेत का ते पाहिलं, आणि येताना एसटीनं येईन म्हणाली. बायकोनं भर स्टँडवर असं म्हटल्यावर नवऱ्याचं काय होतं ते तुला सांगायला नको.

तू गाडी विटांवर चढवलीस आणि पुढचं चाक मोकळं फिरवलंस. फिरून फिरून थांबलं की दर वेळी एकच जागा खाली. माझ्या खिशातला खडू न विचारता काढून घेतलास आणि तिथं खूण केलीस. म्हणालास, टायर इथं जड आहे, बाकी ठिकाणी हलकं आहे, म्हणून चाक लंगडतं. एवढं सरळ होतं. इथं थांबला असतास तर आपलं आयुष्य शांततेत गेलं असतं.

पण त्याच आठवड्यात कुठल्याशा परमुलखातल्या ट्रकवाल्यानं पंक्चर काढता काढता तुझ्या डोक्यात पिल्लू सोडलं, की तिकडं लांब कुठं तरी चाकाच्या आत बारीक गोळ्या मोकळ्या सोडतात. चाक जोरात फिरलं की त्या आपोआप हलक्या बाजूला जाऊन बसतात आणि चाक सारखं होतं. दुसऱ्या दिवशी मी दुकानात आलो तेव्हा तुझे डोळे चमकत होते. मी म्हटलं, गोळीला कसं कळणार कुठं बसायचं? तू म्हणालास, "बंडीत एका बाजूनं पोते जास्त झाले तं गाडीवान दुसऱ्या बाजूले सरकते का नाई? तसंच हाय." मी म्हटलं, अरे, गाडीवानाला डोकं असतं. तू म्हणालास, "सगळ्याइलेच असते असं कोनं सांगतलं?" आणि दुकानातले सगळे माझ्याकडं बघून हसले. वादाला सुरुवात झाली ती इथं.

बरं, गोळ्या आणायच्या कुठून? तुझं म्हणणं, दाणा गोल पाहिजे, बस. म्हणून तू घरून शेवंता वैनीचा राईचा डबा उचललास. ट्यूबला बोटभर चीर दिलीस, राई ओतलीस, वरून सोल्युशन लावून ठिगळ मारलंस. मी चार दिवस ती राई घेऊन केनवडच्या वाटा तुडवल्या. पाचव्या दिवशी ठिगळ सुटायला लागलं, कारण आत राई भरडून तिचं तेल निघालं होतं आणि तेलावर ठिगळ काय टिकणार? तू वाकून व्हॉल्व दाबलास आणि आतली राईची झणझणीत हवा तुझ्या डोळ्यांत. मग तू आंधळ्यासारखा बादली शोधत फिरत होतास आणि मी फळ्यापुढे शिकवावं तशा आवाजात सांगत होतो की प्रयोग फसला. घरी वैनीनं सात दिवस फोडणी न देता वरण वाढलं आणि तू तोंडातून चकार शब्द न काढता खाल्लंस.

माणूस एवढ्यावर शहाणा होतो. तू नाही झालास. राई नरम असते म्हणून दुसऱ्यांदा ज्वारी घातलीस. आपल्या इकडच्या माणसाला काही अडलं की हात ज्वारीच्या कणगीकडंच जातो, तुझाही गेला. शिमग्याचं ऊन, डांबर पाघळलेलं, आणि माझ्या पुढच्या चाकात शेरभर ज्वारी फिरते आहे. महिनाभर मी तिच्यावर शाळेत गेलो. मग एक दिवस तू व्हॉल्व काढलास आणि फस्सकन पांढरं पीठ उडालं. तुझं तोंड, मिशा, छातीवरचे केस, सगळं पांढरं. आणि मिशीवर एक सोंडकिडा. तू तो चिमटीत धरून उजेडात पाहिलास आणि एवढंच म्हणालास, "जित्ता हाय." तुला खरंच त्याचं कौतुक वाटलं होतं. सुदाम, त्या दिवशी मी इतका हसलो की शाळेतले दुसरे मास्तर बाहेर येऊन उभे राहिले. म्हटलं, चाकाचं जातं केलंस, आता पुढच्या खेपेला मागच्या सीटवर वैनीला परात घेऊन बसव, शाळेत पोचेपर्यंत भाकरी होतील.

ते तुला लागलं. तू तीन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. चौथ्या दिवशी मी आलो तर रॉकेलच्या वाटीत सायकलच्या मोडक्या फ्रीव्हीलांतले पोलादी छर्रे धूत बसला होतास. मूठभर. एकेक छर्रा निवडून, गंजका बाजूला टाकून, जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसून. ट्यूबमध्येही ते तू एकेक मोजून सोडलेस. तेव्हा मला वाटलं होतं की आता हे नाही जमलं तर आपण याला चिडवायचं नाही. मग ते जमलं, आणि मी तू जाईपर्यंत चिडवलं.

त्या छर्र्यांची पहिली लांब परीक्षा म्हणजे आपली पोहरादेवीची खेप. यात्रेचे दिवस होते. तुला देवाधर्माशी घेणं नव्हतं, तुला लांब रस्ता पाहिजे होता. आणि मला तिथं बदलीवर गेलेल्या एका मास्तरकडून पुस्तकं आणायची होती. तू मागं बसलास. हळू चालवली की छर्रे खाली गोळा होऊन खळखळ करायचे आणि वेग धरला की गप्प. पण यात्रेच्या गर्दीत कुठला वेग? पायांनी रेटत, ब्रेक दाबत, माणसांतून आपली फटफटी खळखळ खळखळ करत चालली. लोक वाट देत होते, मागं वळून बघत होते. एक लमाणीण आजी गाडीपुढे उभी राहिली, चाकाकडं वाकून बघितलं आणि विचारलं की आत काय कोंडलं आहे. तू खाली उतरून तिला पूर्ण समजावून सांगितलंस. बंडी, पोतं, गाडीवान, सगळं. मागं लोकांची रांग लागली, कोणी शिव्या घालत होते. आजीनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली की घरच्या सुनांना असंच फिरवत ठेवलं तर त्याही गप्प राहतील. तू मला म्हणालास, बघ, म्हातारीला समजलं, तुला नाही.

परत येताना रस्ता मोकळा मिळाला. मी चाळीस केली, पन्नास केली. सुदाम, हँडल हललं नाही. नाही म्हणजे नाही. चष्मा नाकावर होता तिथंच. तू मागून माझ्या कानात ओरडत होतास, "आता? मास्तर, आता बोल?" मी म्हटलं, रस्ता चांगला आहे म्हणून. आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत असा खड्डा आला की तू वीतभर उंच उडून परत सीटवर पडलास. केनवड येईपर्यंत तू हसत होतास आणि मी तोंड पाडून गाडी चालवत होतो.

पण मी मास्तर. रात्रीतून मला मुद्दा सापडला. छर्रे घातले त्याच दिवशी तू चाकाच्या ढिल्या ताराही आवळल्या होत्यास. मग गाडी सरळ झाली ती छर्र्यांनी की तारांनी? एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर कुठल्या गोष्टीनं गुण आला हे कसं कळणार? दुसऱ्या दिवशी मी हे दुकानात मांडलं. शेजारचा पानवाला म्हणाला, मास्तरचं बरोबर आहे. तू लालबुंद झालास, टायर काढायची लोखंडी पट्टी जमिनीवर आपटलीस आणि म्हणालास, "विहारात काय शिकलो आपन? कोनी सांगते म्हनून मानाचं नाई, सोता करून पाहाचं. मंग काढ छर्रे, अन् चालवून पाह्य." एवढा सरळ उपाय होता. आणि मी काय म्हटलं? माझी गाडी म्हणजे तुझी प्रयोगशाळा नाही.

आता ऐक. दिवाळीच्या सुट्टीत मी वाशीमला गेलो. स्टेशनकडच्या एका मिस्त्रीकडं गाडी नेली आणि पुढच्या चाकातले छर्रे काढायला लावले. तारांना हात लावू नको म्हटलं. गाडी घेऊन मोकळ्या रस्त्याला लागलो आणि काटा चाळीसवर येताच हँडल पहिल्यासारखं नाचायला लागलं. मला वाटलं, आपल्याला भास होतोय. मी वळलो, परत पळवली, परत तेच. तसाच मिस्त्रीकडं गेलो आणि छर्रे परत घाल म्हटलं. त्यानं घातले. मी पळवून पाहिली. गाडी लोण्यासारखी. मग पुन्हा मिस्त्रीकडं, पुन्हा काढ. तो हातातला पाना खाली ठेवून म्हणाला, "मास्तर, एकदा घरी विचारून या." मी त्याला म्हटलं शेवटचं एकदा. काढले, चालवली, थरथरली. घातले, चालवली, शांत. एवढं चोख उत्तर मला गणितात कधी मिळालं नाही.

मी केनवडला आलो. तू विचारलंस, सुट्टी कशी गेली? मी म्हटलं, बरी. आणि नेहमीच्या जागेवर बसून तुला सांगितलं की टायरात काहीही घातलं तरी फरक पडत नाही.

पहिल्या दिवशी बोललो नाही ते निव्वळ अहंकारानं. शाळेची पोरं त्या दुकानापुढून जातात, मास्तर हरला असं कसं सांगायचं? दुसऱ्या दिवशी वाटलं, आता एवढ्यात सांगितलं तर काल का नाही सांगितलं असं विचारशील. महिना गेल्यावर तर सांगायची सोयच उरली नाही. आणि मग हळूहळू वेगळंच झालं. मला त्या वादाची चटक लागली. शाळेत सगळी माझं ऐकणारी, घरी मी मंदाचं ऐकणारा. बरोबरीनं भांडावं असं माझ्या आयुष्यात एकच ठिकाण होतं. सकाळी दात घासताना मी संध्याकाळचे मुद्दे जुळवायचो.

आणि तू काय कमी होतास? तू महादू दूधवाल्याला साक्षीला आणलंस. महादूच्या फटफटीला छर्रे बसवलेस, आणि आठ दिवसांनी तो तणतणत दुकानात आला. त्याचं म्हणणं, आधी गाडी इतकी हलायची की वाशीमला पोचेपर्यंत कॅनमध्ये वर लोणी यायचं. ते तो घरी ठेवायचा. आता गाडी हलत नाही, लोणी येत नाही, पोरं कोरडी भाकर खातात, तुझे छर्रे काढून घे. तुझा चेहरा मी विसरणार नाही. तू उठून उभा राहिलास, दोन्ही हात माझ्याकडं पसरलेस आणि म्हणालास, "घ्या मास्तर. आता याच्याहून काय पुरावा पाह्यजे?" खरंच, कोर्टातही टिकला असता असा पुरावा. मला कुठंतरी निसटायचं होतं, म्हणून बोलून गेलो की लोणी येत नाही ते छर्र्यांमुळं नव्हे, महादू पाणी घालतो म्हणून. त्यावर महादूनं माझी गचांडी धरली. तू मध्ये पडून सोडवलंस, आणि मला सोडवता सोडवता विचारत होतास, "पडते ना पन? एवढं तं बोल."

नाही बोललो.

मग तुझी कीर्ती वाढली. मालेगावहून, रिसोडहून लोक यायला लागले. कोणाची गाडी थरथरते, कोणाची डुलते. तू सगळ्यांच्या चाकात मूठ मूठ छर्रे सोडायचास आणि प्रत्येकाला जाताना बजावायचास, की मास्तर विचारतील, त्यांना खरं सांगा. ते बिचारे शाळेत येऊन भर वर्गात मला सांगायचे, गुरुजी, फरक पडला. मी वर्गाला म्हणायचो, बघा मुलांनो, अंधश्रद्धा अशी पसरते. एवढा खोटारडा मास्तर केनवडला दुसरा झाला नसेल.

सुदाम, मला वाटायचं तुलाही त्यात माझ्यासारखीच मजा येते. देवाशपथ म्हणणार होतो, पण तू ओरडशील. खरंच वाटायचं.

तू आजारी पडलास तेव्हा मी दर रविवारी वाशीमच्या दवाखान्यात यायचो. त्या शेवटच्या रविवारी दुपारची वेळ होती, वैनी खाली चहा आणायला गेल्या होत्या. तुझे हात कधी नव्हे ते स्वच्छ होते, नखांत काळं नव्हतं. मला ते बघवेना, म्हणून मी खिडकीबाहेर बघत होतो. तू अंगात ताकद नसल्यासारखा हळू बोललास. वाद घालायचा आवाजच नव्हता तो.

"मास्तर, आता खरं सांगून दे. पडते का?"

माझ्या जिभेवर आलं होतं. मग मनात आलं, सांगितलं तर याची ओढ संपेल. माणसाला उठायला काहीतरी कारण पाहिजे. म्हणून मी म्हटलं, तू बरा होऊन दुकानात ये, तिथं चारचौघांत सांगतो. तू माझ्याकडं थोडा वेळ बघितलंस आणि म्हणालास, "मंग लवकर या लागन." मला वाटलं, किती हुशारी केली आपण. शुक्रवारी निरोप आला.

म्हणून मी परवा चारचौघांत सांगितलं. कबूल केलं होतं ना.

आता तिथं काय झालं ते ऐक. त्रिशरण-पंचशील झालं आणि एकेक जण बोलायला उठला. पहिले पंचायतीचे मेंबर. ते म्हणाले, सुदामभाऊ अत्यंत शांत स्वभावाचे, त्यांनी कधी कोणाशी वाद घातला नाही. मी तुझ्या फोटोकडं बघितलं, मला वाटलं आता तू उठतोस. मग पानवाला म्हणाला की तुझ्यासारखा गोड बोलणारा माणूस त्यानं पाहिला नाही. त्याच पानवाल्याला तू दर दिवशी चुन्यावरून शिव्या घालत होतास. महादू म्हणाला, तुझ्या छर्र्यांमुळं त्याच्या घरात लोण्याची बरकत आली. लोण्याची! गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलायचं नाही हे खरं, पण इतकं?

आणि मग माझी पाळी आली. मी चिठ्ठी नेली नव्हती. सरळ म्हटलं की सुदामचं बरोबर होतं, माझं चूक होतं, मी स्वतः छर्रे काढून आणि घालून दोनदा तपासलं आहे, टायरात छर्रे घातल्यानं फरक पडतो. आणि लोकांनी डोळ्यांना पदर लावले. पुढच्या रांगेतून मला स्पष्ट ऐकू आलं, महादू शेजारच्याला सांगत होता, "मास्तरनं मन राखलं मानसाचं." शेजारचा म्हणाला, "एवढं तं म्हना लागते बापा, गेलेल्या मानसामांगं."

माझं डोकं फिरलं. मी परत माइक धरला आणि ओरडून म्हटलं, "अरे, मी खरं सांगून राह्यलो." तर बायका आणखीच हुंदके द्यायला लागल्या. मी म्हटलं, वाशीमच्या मिस्त्रीला विचारा. मी म्हटलं, दोन वेळा काढले, दोन वेळा घातले. शेवटी बौद्धाचार्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, हळूच माइक काढून घेतला आणि म्हणाले, बसा गुरुजी, तुमचं दुःख आम्ही समजू शकतो. मी तीन वर्षं खोटं बोललो तेव्हा सगळ्या गावानं मान डोलावली. एकदा खरं बोललो तर मला धरून खाली बसवलं.

जेवणं झाली. पंगती उठल्या. मी तुझ्या ओसरीवर एकटा बसलो होतो, तेव्हा शेवंता वैनी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि समोर टेकल्या. त्या रडत नव्हत्या. मला वाटलं, दोन शब्द आपणच बोलावेत, पण त्याच बोलल्या.

"मास्तर, तुमी मंगाशी बोलले ते खरं होतं का?"

मी म्हटलं, खरं.

"कधीपासून ठावं होतं?"

मी खाली बघत म्हटलं, अडीच वर्षं होतील.

मग त्यांनी मला जे सांगितलं ते तू मला कधी सांगितलं नाहीस. तू घरी आल्यावर भाकर मोडता मोडता म्हणायचास, मास्तर शिकलेला माणूस आहे, तो एवढा नाही म्हणतो तर त्यात काहीतरी असेलच. कुठं कोणाची फटफटी घसरली असं कानावर आलं, की तू ताटावरून उठून सायकल काढायचास आणि त्या गावी जाऊन बघून यायचास, की गाडीत आपले छर्रे तर नाहीत. एकदा मोप गावाजवळ एक जण पडला, त्याचा पाय मोडला. त्याच्या चाकात तुझे छर्रे नव्हते, तो ताडी पिऊन होता. तरी तू दोन दिवस जेवला नाहीस. मी दुकानात बसून मजा मारत होतो आणि तू घरी जाऊन माझं म्हणणं तपासत होतास. तुला जिंकायचं नव्हतंच, सुदाम. तुझ्यामुळं कोणी पडणार नाही एवढं तुला कोणीतरी सांगायला पाहिजे होतं, आणि तुझा विश्वास फक्त माझ्यावर होता.

वैनीनं विचारलं, "मंग त्याइले काहून नाई सांगतलं?"

मी जे खरं होतं ते सांगितलं. म्हटलं, वैनी, सांगितलं असतं तर वाद मिटला असता. मग मी रोज दुकानात कशाला आलो असतो?

वैनीनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी वर्गातल्या सगळ्यात मठ्ठ पोराकडं पाहतो.

"मास्तर, तुमी दोघं चौथीपासून भांडून राह्यले. तवा कुठं होते छर्रे?"

आणि तांब्या तिथंच ठेवून त्या आत गेल्या.

मी ओसरीवरच बसून होतो. चौथीत आपण कशावरून भांडायचो ते आठवत होतो. विहिरीत कासव आहे की नाही, आगगाडीला मागं जाता येतं की नाही, तुझा बाप उंच की माझा. एक विषय संपला की दुसऱ्या दिवशी दुसरा असायचा. कोणी हरलं म्हणून कोणी यायचं थांबलं नाही. हे एका बाईला दिसलं आणि मला, एवढी पुस्तकं वाचून, दिसलं नाही.

लोकांना पटो न पटो, मला आता त्याचं काही नाही. वैनीला पटलं. राहिलास तू. इतका वेळ मी मास्तरी भाषेत लिहीत होतो, कागद दिसला की माझं असंच होतं. पण हे एवढं आपल्या बोलीत सांगतो.

पडते बे सुदाम. फरक पडते. तुह्या छर्र्यानं कोनीच पडलं नाई. हे मी तुले तुह्या समोर, तुहा हात धरून सांगाले पाह्यजे होतं.